भूशिराला सायकलने वळसा, गाड्यांच्या गर्दीविना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामान लादलेली सायकल घेऊन, गाड्या नसलेल्या रस्त्याने, समुद्राच्या कडेकडेने एखाद्या भूशिराला पूर्ण वळसा घालायचा म्हटलं की लोक सगळ्यात आधी किलोमीटर विचारतात. माझं म्हणणं, किलोमीटर नंतर बघा, आधी वारा बघा आणि घड्याळ बघा. बाकीची बरीचशी उत्तरं त्यातूनच निघतात. तरी जे जे सारखं विचारलं जातं ते खाली लिहिलंय, सलग वाचायलाच पाहिजे असं नाही, हवा तो प्रश्न उचला.

भूशिर म्हणजे नक्की काय, आणि साध्या किनारी रस्त्यापेक्षा तिथे वेगळं काय मिळतं?

समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक, तीन बाजूंनी पाणी. किनाऱ्यावर मऊ आणि कठीण खडक शेजारी शेजारी असले की मऊ खडक लाटा लवकर खातात, तिथे किनारा आत वळतो, आणि कठीण खडक पुढे तसाच उभा राहतो. त्यातही गंमत अशी की उथळ पाण्यात येताना लाटा वळतात आणि त्यांचा सगळा जोर या पुढे आलेल्या टोकावरच एकवटतो, म्हणून उभे कडे, गुहा, दगडी कमानी, पाण्यात एकटेच उभे असलेले सुळके हे सगळं टोकाच्या आसपास सापडतं.

सरळ किनारी रस्त्यावर समुद्र दिवसभर एकाच बाजूला आणि वारा पण साधारण एकाच अंगाला. भूशिरावर दर वळणाला दिशा बदलते, ऊन एकदा पाठीवर एकदा तोंडावर, सकाळी एका बाजूला कड्यावर आपटणारं पाणी बघितलं की दोन तासांनी पलीकडच्या बाजूला तोच समुद्र एकदम शांत. थोड्या अंतरात इतका बदल मला दुसऱ्या कुठल्याच प्रकारच्या रस्त्यावर मिळालेला नाही, आणि हे बघायला सायकलचा वेग अगदी बरोबर आहे, चालत गेलं तर पूर्ण वळसा होत नाही आणि गाडीतून वाऱ्याचा पत्ताच लागत नाही.

'ट्रॅफिक-फ्री' म्हणजे खरंच एकही गाडी नसते का?

कधी हो, कधी जवळपास हो. हे रस्ते साधारण चार प्रकारे तयार झालेले असतात आणि कुठला प्रकार आहे हे कळलं की पुढचं बरंच कळतं.

पहिला प्रकार जुन्या रेल्वे लाइनींचा. रूळ काढले, वाट सपाट केली, सायकलींना दिली. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर सान लोरेंझो आल मारेपासून ओस्पेदालेत्तीपर्यंतचा २४ किलोमीटरचा सायकल मार्ग असाच आहे, तिथली एकेरी रेल्वे २००१ मध्ये डोंगराच्या आतून नेली आणि समुद्राकाठची जुनी लाइन मोकळी झाली. वाटेत भूशिरं येतात ती बोगद्यातून पार होतात. २०१५ ची जिरो दि'तालिया ही इटलीची मोठी सायकल शर्यत याच मार्गावरून सुरू झाली होती, पहिल्याच दिवशी १७.६ किलोमीटरची टीम टाइम ट्रायल होती, म्हणजे एकेक संघ वेगळा सुटतो आणि त्याची वेळ मोजतात. इटलीच्याच दुसऱ्या अंगाला, एड्रिॲटिक किनाऱ्यावर, ओर्तोना ते वास्तो या भागातही जुन्या रेल्वेचा असाच मार्ग केलाय आणि त्या वाटेवर पाण्यात उभे केलेले मासेमारीचे लाकडी मचाण दिसत राहतात. रेल्वेला खडा चढ झेपत नाही त्यामुळे असल्या मार्गावर चढ साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आतच. सामान असेल, घरातलं कोणी नवशिकं असेल तर डोळे झाकून हा प्रकार निवडा.

दुसरा प्रकार समुद्राच्या संरक्षक भिंतीवरची वाट. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कची सीवॉल सगळ्यांना माहीत असते. जमिनीची धूप थांबवायला १९१७ मध्ये भिंतीचं काम सुरू झालं आणि पूर्ण वळसा होईपर्यंत १९८० उजाडलं. जेम्स कनिंगहॅम नावाच्या गवंड्याने त्यातली ३२ वर्षं या कामावर देखरेख केली. आज तिथे सायकलची आणि चालणाऱ्यांची पट्टी वेगळी आहे आणि सायकली एकाच दिशेने जातात.

तिसरा प्रकार, नवीन बोगदा किंवा बायपास झाल्यामुळे सुटलेला जुना किनारी रस्ता. रुंदी भरपूर, डांबर असतं पण कडेने खचलेलं, वरून दगड पडलेले असतात. चौथा म्हणजे दीपगृहाकडे जाणारा सर्व्हिस रोड, फाटकाने गाड्या अडवलेल्या आणि क्वचित कर्मचाऱ्यांची एखादी गाडी. हा बहुतेक वेळा टोकाशी जाऊन संपतो आणि शेवटचा तुकडा हमखास चढाचा, कारण दीपगृह उंचावरच बांधतात.

याशिवाय वेल्समधल्या ग्रेट ऑर्मसारखे अर्धेमुर्धे रस्ते पण आहेत, तिथला मरीन ड्राइव्ह १८७८ मध्ये सुरू झाला, गाड्या आहेत पण टोल भरून आणि एकाच दिशेने जाणाऱ्या. असा रस्ता पहाटे मोकळा मिळतो, सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याचं नाव काढू नका.

दिवसाला किती किलोमीटर धरायचे?

सपाट रस्त्यावर तुम्ही सामानासकट जेवढे करता त्याच्या साधारण निम्मे ते दोन तृतीयांश. सपाटीवर ६०-७० होत असतील तर इथे ३५-४५ पुरे. जुन्या रेल्वेच्या मार्गावर एवढी कपात करायला नको.

कारण चढ. कड्यावरची वाट दर घळीपाशी खाली उतरते आणि पलीकडे परत चढते. एक उतार-चढ ४० मीटरचा म्हणजे काहीच नाही वाटत, पण असे दहा झाले की ४०० मीटर चढ झाला आणि नकाशावर बघाल तर सुरुवात आणि शेवट दोन्ही समुद्रसपाटीलाच. म्हणून रूट बघताना सर्वात उंच जागा किती उंच आहे हे बघून काही कळत नाही, एकूण चढ बघायचा.

आणि थांबायला वेळ ठेवा की. एवढं लांब जाऊन कड्याच्या टोकाला दहा मिनिटं बसायचं नाही तर मग कशाला जायचं?

कधी निघायचं आणि कुठल्या दिशेने फिरायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आणि सगळ्यात कमी विचारला जातो.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो असतो ना, ते इथे अक्षरशः पायाला जाणवतात. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र तेवढा होत नाही, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हा मतलई. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, हा खारा वारा. साधारण सकाळ सरता सरता सुरू होतो, दुपारी जोरात असतो आणि सूर्य मावळायच्या सुमाराला पडतो. मतलई वारा तुलनेने हलका असतो, खारा चांगलाच दमदार.

आता हे भूशिरावर लावून बघा. टोक समुद्राकडे, बूड जमिनीकडे. पहाटे निघालात तर मतलई वारा हलकेच टोकाकडे ढकलतो. टोकावर पोचून खाणंपिणं करून बसेपर्यंत वारा फिरतो, आणि दुपारी परत निघालात की खारा वारा पाठीशी. दोन्ही वेळा वाऱ्याची मदत. उलट केलंत, म्हणजे आरामात उठून अकराला निघालात, तर टोकापर्यंत सगळा वारा छातीवर घ्यायचा आणि संध्याकाळी दमून परत येताना तोच वारा पडलेला. तोच रस्ता, तेवढेच किलोमीटर, पण एक दिवस सुखाचा आणि दुसरा नुसता रडत काढलेला.

हे गणित आकाश निरभ्र आणि हवा स्थिर असतानाचं. मोठं वादळी हवामान, कमी दाबाचा पट्टा, मोसमी वारे असं काही असेल तर ते या रोजच्या चक्राला गिळून टाकतात, तेव्हा अंदाजात वाऱ्याची दिशा बघून ठरवायचं. वारा एका अंगाने आहे असं दिसलं तर वाऱ्याची बाजू सकाळी ताज्या पायांनी उरकायची आणि आडोशाची बाजू दुपारसाठी ठेवायची.

दिशेचा दुसरा मुद्दा समुद्र जवळ असण्याचा. उजव्या बाजूने चालायचा नियम असलेल्या देशात घड्याळाच्या उलट फिरलं की पाणी तुमच्याच हाताला येतं, मध्ये समोरून येणाऱ्यांची पट्टी नाही. डावीकडून चालायचा नियम असेल तर घड्याळाच्या दिशेने. स्टॅनली पार्कमध्ये सायकली घड्याळाच्या उलट जातात, आणि समुद्र कायम उजव्या हाताला. पण वारा आणि दृश्य यात भांडण झालं तर मी वाऱ्याचं ऐकतो.

समोरून वारा आला तर एवढा काय फरक पडतो?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी १५ ने चाललाय आणि समोरून ताशी १५ चा वारा आला, तर अंगावर ३० ची हवा, म्हणजे हवेचा विरोध दुप्पट नाही, चौपट. सामानाच्या पिशव्या बाहेर आलेल्या असतात त्या वेगळ्याच. म्हणून वेग धरून ठेवायचा हट्ट सोडा, गिअर हलका करा, पॅडलची लय सांभाळा, वेग पडला तर पडू दे.

आणि आडवा वारा? कड्यावर भीती वाटते.

वाटायलाच पाहिजे, आडव्या वाऱ्याला मी समोरच्या वाऱ्यापेक्षा जास्त मान देतो. समोरचा वारा दमवतो, आडवा ढकलतो.

धोका सतत वाहणाऱ्या वाऱ्याचा कमी असतो, त्याला सायकल जरा कलती ठेवून शरीर आपोआप जुळवून घेतं. धोका आडोसा संपतो त्या जागेचा. कड्याच्या पोटाशी एकदम शांत चाललेलं असतं, चेनचा आवाज ऐकू येत असतो, पुढे कातळ संपतो आणि त्या वळणावर फटकन झोत येतो. टोकाजवळ वारा मुळातच जास्त जोरात असतो कारण त्याला टोकाला वळसा घालून आणि चढून जावं लागतं. गवत बघत जा, वळणापलीकडचं गवत जमिनीला टेकलेलं दिसलं की समजायचं. वेग आधीच कमी, कोपर सैल, हँडल घट्ट आवळायचं नाही, कडेपासून निदान दीड-दोन मीटर आत राहायचं. वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर आणखी आत. आणि सायकल हातातून ओढली जातेय असं वाटलं की उतरून चालायचं, सायकल आपल्या आणि कड्याच्या मध्ये धरून. यात कमीपणा काही नाही.

खोल रिमची चाकं असल्या रस्त्यावर आणू नका, त्यात वारा भरतो.

सायकल कुठली लागेल?

आहे ती. फक्त सगळ्यात हलका गिअर बघून घ्या. पुढे ३० आणि मागे ३४ दात असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर पुढे जाल, मिनिटाला ६० फेरे मारले तरी ताशी जेमतेम ७ किलोमीटर, म्हणजे सामान घेऊन खडा चढ बसून चढता येतो. पुढच्या दातांची संख्या मागच्यापेक्षा बरीच जास्त असेल तर गुडघ्यांना त्रास होणार हे नक्की.

ब्रेक डिस्क असतील तर उत्तम, रिमचे असतील तर ओल्या रिमवर पहिले दोन-तीन फेरे ब्रेक लागतच नाही हे लक्षात ठेवून आधीपासून दाबायला सुरुवात करा. उतारावर सतत घासत ठेवायचं नाही, दाबा सोडा दाबा सोडा.

टायर?

३५ ते ४५ मिलिमीटर रुंद, फार खोल नक्षी नको. डांबर, खडी, लाकडी फळ्या आणि वाऱ्याने रस्त्यावर आलेली वाळू हे सगळं एकाच दिवसात भेटतं. हवा ठासून भरू नका, जरा कमी ठेवलेली बरी. वाळूचा पट्टा आला तर हँडल सरळ, पॅडल चालू, पुढचा ब्रेक अजिबात नाही. वाळू खोल असेल तर सरळ उतरा. ओल्या लाकडी फळ्यांवर आणि उरलेल्या रुळांवर तिरकं जायचं नाही, शक्य तेवढं काटकोनात.

सामान कसं लावायचं?

कमी आणि खाली. एरवी पुढच्या चाकाला पॅनिअर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या, लावले की सायकल स्थिर वाटते, पण कड्यावर आडवा वारा त्याच पिशव्यांना धरतो आणि हँडल हिसकावतो, म्हणून पुढे लावायचेच असतील तर लहान, खालच्या रॅकवर, दोन्हीकडे सारखं वजन. जड वस्तू मागच्या पॅनिअरच्या तळाला. कॅरिअरवर उंच गाठोडं बांधलेलं दिसतं बऱ्याच जणांचं, ते वाऱ्यात सगळ्यात वाईट. आणि एकही पट्टा लोंबता ठेवू नका.

वारा थोपवणारं पातळ जॅकेट मात्र हाताशी, सगळ्यात वर. चढून घाम आला आणि टोकावर उभे राहिलात की पाच मिनिटांत हुडहुडी भरते, अगदी उन्हात सुद्धा.

भरती-ओहोटीचा सायकलशी काय संबंध?

वाट पूर्ण उंचावरून असेल तर नाही. पण बरेच मार्ग एखाद्या ठिकाणी तरी खाली येतात, एखादा बंधारा, भरतीला पाण्याखाली जाणारा फरसबंद रस्ता, किंवा भिंतीवरची वाट जिथे भरतीला लाटा उडून वर येतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, त्यामुळे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, काल इथून अमुक वाजता गेलो म्हणून आज पण जाता येईल असं धरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी नेहमीपेक्षा वर येतं आणि जास्त खाली जातं.

एक हिशोब कामाचा आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरले तर पाणी दर तासाला सारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बारा भागांपैकी एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी चढतं. पहिला तासभर बघून 'अजून बराच वेळ आहे' असं वाटतं ते यामुळेच, आणि लोक तिथेच अडकतात. पाण्याखाली जाणारा रस्ता ओलांडायचा असेल तर पाणी उतरत असताना ओलांडा. स्थानिक भरतीचं वेळापत्रक बघूनच, कारण सगळ्या किनाऱ्यांवर हे चक्र इतकं नेमकं चालत नाही.

चालणारे लोक खूप असतात, त्यांच्याशी कसं जमवायचं?

वाट त्यांची आहे असं धरून. मागून येताना लांबूनच घंटी, एकदाच, मग वेग कमी. वारा समोरून असला तर मागची घंटी त्यांना ऐकूच येत नाही, तेव्हा जवळ जाऊन तोंडाने सांगा आणि ते बाजूला झाल्यावरच पुढे जा. कुत्रा आणि लहान मुलं कुठे वळतील सांगता येत नाही. फोटोसाठी थांबाल तेव्हा आधी वाटेच्या पूर्ण बाहेर या, वळणावर तर थांबूच नका. फाटक जसं सापडलं तसंच परत लावा, आतमध्ये जनावरं असतात.

कड्यांवर समुद्री पक्षी घरटी करतात, त्या दिवसांत काही वाटा बंद ठेवतात. बंद म्हणजे बंद, सायकल उचलून पलीकडे जाऊ नका. घाबरलेला पक्षी उडाला की अंडी उघडी पडतात आणि तेवढ्यात दुसरे पक्षी ती पळवतात.

लहान मुलांना नेता येईल?

रेल्वे लाइनवरच्या आणि भिंतीवरच्या रुंद मार्गांवर बिनधास्त. उघड्या कड्यावरच्या वाटेवर, कठडा नसेल तर, स्वतःची सायकल चालवणाऱ्या लहान मुलाला मी नेणार नाही. मागे जोडायचा ट्रेलर असेल तर फाटकांची रुंदी आधी तपासा, गाड्या अडवायला लावलेल्या आडव्या-तिडव्या पाइपांमधून ट्रेलर जात नाही आणि मूल, सामान, सायकल सगळं वेगवेगळं काढून पलीकडे न्यावं लागतं.

ई-बाइक चालेल?

चालेल की, चढाला मजाच आहे. पण समोरच्या वाऱ्यात बॅटरी भराभर उतरते, कंपनी सांगते ती रेंज इथे धरू नका. आणि वजन, वीस-पंचवीस किलोची सायकल पायऱ्यांवरून उचलायची वेळ आली तर दोन माणसं लागतात.

बोगदे आले तर?

लिगुरियाच्या मार्गावर सानरेमोजवळ कापो नेरो भूशिराखालून जो बोगदा जातो तो जवळजवळ पावणेदोन किलोमीटरचा आहे. दिवे असले तरी बाहेरच्या उन्हातून आत शिरताना काही सेकंद काहीच दिसत नाही, तेव्हा गॉगल आधीच काढा, वेग कमी करा, पुढचा-मागचा दिवा चालू. आत गार असतं, फार बरं वाटतं दुपारचं. बाहेर पडताना मात्र परत वाऱ्याची तयारी ठेवा, बोगद्याचं तोंड म्हणजे आडोसा संपण्याची जागाच.

धुकं किंवा पाऊस?

समुद्रावरचं धुकं फार लवकर येतं. दमट उबदार हवा थंड पाण्यावरून सरकली की धुकं धरतं आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येतं, लख्ख उन्हातून दहा मिनिटांत समोरचं वळण दिसेनासं होतं. म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही लावलेला असू द्या. उघड्या कड्यावर असाल आणि कड दिसत नसेल तर सायकल हातात धरून, जमिनीकडच्या बाजूने. विजा चमकत असतील तर टोकावर थांबायचं नाही, आजूबाजूला सगळ्यात उंच तुम्हीच असता. जोराच्या पावसानंतर उभ्या कड्याखालून घाईने पुढे जा, दगड सुटतात.

समुद्राच्या हवेने सायकल खराब होते का?

होते, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर. लाटा फुटतात तिथे मीठ बारीक थेंबांतून हवेत असतं, पाण्याला हात न लावता सुद्धा ते सायकलवर बसतं. संध्याकाळी मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगवरून आणि पॅनिअरच्या हुकांखालून बोट फिरवून बघा, खरखर लागते, आणि बोट चाटलं तर खारट. हे मीठ हवेतली ओल धरून ठेवतं त्यामुळे सायकल कोरडी दिसत असली तरी गंजणं चालूच असतं.

उपाय सोपा आहे, रोज करायचा कंटाळा नको. मुक्कामाला पोचलं की गोड्या पाण्याची बादली किंवा बाटली घेऊन हळू धार सोडा, वरून खाली. जोराचा प्रेशर मारू नका, हबच्या आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. मग फडक्याने पुसा, चेन पूर्ण कोरडी करा, मगच तेल, प्रत्येक कडीला थेंबभर, आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. हे पुसणं सोडू नका, कारण जास्तीच्या तेलावर वाळू चिकटते आणि ती पॉलिश पेपरचं काम करते, चेन आणि दातांची झीज होते. डिस्क ब्रेकवर तेल उडू देऊ नका.

निघायच्या आधी घरीच करायचं काम म्हणजे सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, काढून ग्रीस लावणं. स्टीलची फ्रेम आणि अॅल्युमिनियमची सीटपोस्ट, मध्ये खारं पाणी, म्हणजे दोन वेगळ्या धातूंमध्ये गंजण्याची क्रिया सुरू आणि पोस्ट आत कायमची अडकते. कार्बन असेल तर ग्रीसऐवजी कार्बनसाठीची पेस्ट. पॅडलचे आटे, रॅकचे आणि बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट, सगळ्यांना थोडं ग्रीस. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढे सीटपोस्ट करवतीने कापायची वेळ येत नाही.

पाणी आणि ऊन?

वाऱ्यामुळे घाम लगेच सुकतो आणि तहान लागलीय हेच कळत नाही. घड्याळ बघून प्या. भूशिराच्या टोकाकडे गोडं पाणी मिळेल असं गृहीत धरू नका, बुडाशी असतानाच सगळ्या बाटल्या भरून घ्या. गार वाऱ्यात ऊन लागत नाही असं वाटतं, पण सावली जवळपास नसते, मान, कान आणि हाताची मागची बाजू भाजून निघते. लांब बाहीचा पातळ शर्ट क्रीमपेक्षा भरवशाचा.

टोकावर तंबू टाकून राहता येईल का?

आधी परवानगी आहे का बघा, बहुतेक भूशिरं राखीव असतात. असली तरी अगदी टोकावर नको. रात्री वारा फिरतो, संध्याकाळी आडोशाची वाटलेली जागा पहाटे उघडी पडते. जरा मागे, खळगीत किंवा झुडपांच्या मागे बघा, तंबूचं तोंड वाऱ्याकडे करू नका, सगळ्या दोऱ्या ताणून बांधा. कड्याच्या कडेला लाटांनी खालून पोखरलेलं असतं आणि वरून गवत मात्र सपाट दिसतं, म्हणून कडेपासून चांगलं लांब. कड्याखाली पण नको, वरून दगड आणि खालून भरती. दोन दिवसांत वळसा घालणार असाल तर मला भूशिराच्या बुडाशी मुक्काम बरा वाटतो, म्हणजे पहाटेचा मतलई वारा पकडून टोकाकडे निघता येतं.

एकट्याने जावं का?

जावं. कोणाला तरी रूट आणि परतायची वेळ सांगून ठेवा. कड्याच्या आड मोबाइलला रेंज जाते, नकाशा आधीच डाउनलोड केलेला हवा. चार-पाच जण असाल तर चढावर एकमेकांची वाट बघायच्या जागा आधी ठरवा, आणि अरुंद वाटेवर शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ नका.

दुरुस्तीचं काय काय न्यायचं?

दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर, पंप, अॅलन कीचा संच, चेन तोडायचं हत्यार आणि एक जोडकडी, ब्रेक पॅडचा जादा जोड, थोडं चेनचं तेल, फडकं, आणि मूठभर केबल टाय. वाळू असलेल्या जागी पंक्चर काढताना सुटे भाग जमिनीवर ठेवू नका, पॅनिअरच्या झाकणावर ठेवा.

वाट टोकापर्यंत जात नसेल, शेवटी फक्त पायवाट असेल तर?

मग सायकल तिथेच कुलूप लावून चालत जा. पायवाटेवर सायकली नेल्या की माती सुटते आणि पावसात तिची घळ होते, आणि कड्याच्या कडेला गवताची मुळंच ती माती धरून असतात. कुलूप फाटकाला लावू नका, दुसऱ्यांचा रस्ता अडतो. सायकल वाऱ्याकडे तोंड करून कशाला तरी टेकवा, स्टँडवर उभी केली तर पडणार. पैसे, फोन, पाणी आणि जॅकेट घेऊन निघा, बुटाला खाली पॅडलमध्ये अडकणारे लोखंडी क्लीट असतील तर ओल्या कातळावर घसरायला होतं म्हणून साध्या चपला-बूट सोबत असलेले बरे. आणि परतीची वेळ मोजताना हे चालणं पण धरा, खारा वारा पडायच्या आत सायकलवर परत बसायचंय.